रडार डिटेक्टर आणि लेझर जॅमर यांची तुलना व चाचणी कशी घ्यावी

रडार डिटेक्टरच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या रडार गनची लहर ओळखून चालकाला आधीच इशारा देणाऱ्या यंत्राच्या, माहितीपत्रकावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो अंतराचा आकडा, आणि दोन यंत्रांतून एक निवडायची वेळ येते तेव्हा नेमका तोच सर्वांत कमी उपयोगी पडतो. सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर रडारची लहर थेट समोरून येते. अशा जागी साधारण डिटेक्टरही काही किलोमीटर आधी वाजू लागतो आणि त्याच्या तिप्पट किमतीचाही वाजतो. दोघांनाही शंभरपैकी शंभर गुण मिळाले, तर त्या परीक्षेतून कळले काय? म्हणून चाचणीची आखणी करताना पहिला प्रश्न असा विचारावा की हे यंत्र कोणत्या जागी, कोणत्या परिस्थितीत हुकेल. आणि ती जागा सापडेपर्यंत चाचणी अवघड करत जावी. पुढे दिलेली सर्व पद्धत या एकाच विचारावर उभी आहे.

त्याआधी कायद्याचा भाग संपवून टाकू. रडार डिटेक्टर केवळ ऐकतो, स्वतःहून काही प्रक्षेपित करत नाही. तरीही फ्रान्स, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स अशा अनेक देशांत तो वापरण्यास बंदी आहे. अमेरिकेत खासगी मोटारीत तो बहुतेक ठिकाणी चालतो, परंतु व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये चालत नाही. रडार जॅमर, म्हणजे रेडिओ लहरी सोडून रडारला गोंधळवणारे यंत्र, हा तर अमेरिकेतही केंद्रीय कायद्याने गुन्हाच आहे आणि या लेखात त्याचा विचार केलेला नाही. लेझर जॅमर, म्हणजे लेझरने वेग मोजणाऱ्या गनला प्रकाशाने गोंधळवणारे यंत्र, रेडिओ लहरी सोडत नसल्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, मात्र कॅलिफोर्निया, टेक्सास, व्हर्जिनिया यांसारख्या राज्यांनी त्यावर स्वतंत्र बंदी घातली आहे आणि ब्रिटनमध्ये तो वापरणाऱ्यांवर न्यायदानात अडथळा आणल्याचे खटले झालेले आहेत. आपल्या भागातला नियम वाचल्याशिवाय यंत्र विकतही घेऊ नये. गन लागणारी चाचणी नेहमी रहदारीला बंद असलेल्या खासगी जागेत, जागामालकाच्या लेखी परवानगीने घ्यावी. रडार गन ही प्रक्षेपक असल्यामुळे ती चालवण्यासाठी परवाना लागतो का, हेही आधीच तपासावे.

आता मूळ विषयाकडे येऊ. रडार गन लहर सोडते, ती गाडीवर आपटून परत येते आणि परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून गन वेग काढते. २४.१५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गनकडे ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी येत असेल, तर हा फरक सुमारे ४,४७० हर्ट्झ इतका भरतो. गनला हा प्रतिध्वनी जाऊन-येऊन असा दुहेरी प्रवासानंतर मिळतो, म्हणून त्याची ताकद अंतराच्या चौथ्या घातात घटते. डिटेक्टरला मात्र लहर एकेरी प्रवासातच मिळते आणि तिची ताकद केवळ वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की डिटेक्टरकडे येणारा सिग्नल ६ डेसिबलने उतरतो आणि गनकडे परतणारा १२ डेसिबलने. डिटेक्टर गनच्या आधी जागा होतो तो या फरकामुळे, त्यात कोणत्याही कंपनीची जादू नाही. या गणितातून चाचणी घेणाऱ्याच्या फायद्याची आणखी एक गोष्ट निघते: डिटेक्टरला गाडीच्या वेगाशी काहीही कर्तव्य नसते. उभ्या गाडीतही तो तितक्याच इमानाने वाजतो. त्यामुळे डिटेक्टरची चाचणी घेण्यासाठी गाडी पळवण्याची मुळीच गरज नाही. ताशी ३०-४० किलोमीटर पुरेसे आहेत, आणि गाडी जितकी सावकाश तितकी नोंद अचूक.

चाचणीसाठी किमान दोन रडार गन हाताशी असाव्यात: एक के बँडची, म्हणजे २४.०५ ते २४.२५ गिगाहर्ट्झमधली, आणि एक केए बँडची, म्हणजे ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधली. १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक्स बँड आता क्वचितच वापरात आहे, त्यासाठी वेगळा खर्च करू नये. केए बँडमध्ये गन प्रामुख्याने ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन जागांभोवती आढळतात. तिन्ही मिळाल्या तर उत्तम, कारण एकाच डिटेक्टरची संवेदनशीलता या तिन्ही जागी सारखी नसते.

गन जुनी असेल तर तिच्याकडे जरा संशयाने पाहावे. गनसोबत येणाऱ्या ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे ठरावीक वारंवारतेने कंपणाऱ्या धातूच्या चिमट्याने, तपासले की गन बरोबर वेग दाखवते आणि आपण निर्धास्त होतो. परंतु फोर्क तपासतो तो केवळ वेगाचा हिशेब. गन प्रत्यक्षात कोणत्या वारंवारतेवर प्रक्षेपण करते हे त्याला सांगता येत नाही. ३४.७ गिगाहर्ट्झची गन ५० मेगाहर्ट्झने सरकली, तरी वेगात पडणारा फरक ०.१५ टक्क्याहूनही कमी असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला तो पडद्यावर दिसणारच नाही. काही डिटेक्टरांत मात्र संपूर्ण २.६ गिगाहर्ट्झचा केए बँड न चाळता ठरावीक अरुंद पट्टेच चाळण्याची सोय असते. असा पट्टा निवडलेला असेल आणि सरकलेली गन त्याच्या कडेबाहेर गेलेली असेल, तर उत्तम डिटेक्टरही ठार बहिरा ठरतो आणि दोष यंत्राच्या माथी जातो. वारंवारता आकड्यात दाखवणारा एखादा डिटेक्टर गनजवळ धरून ती नोंदून ठेवावी. दिवस तापल्यावर, दुपारी, पुन्हा एकदा पाहावी, कारण जुन्या गनचा ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, उन्हाने थोडा सरकतो. बॅटरीही प्रत्येक फेरीगणिक सारखी भरलेली असावी. सर्वांत सोपे म्हणजे गन गाडीच्या बॅटरीवरच चालवावी.

मैदान निवडणे हे या कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. सरळ रस्ता फक्त यंत्रे चालू आहेत ना, एवढे पाहण्यापुरता ठेवावा. खरी परीक्षा चढाच्या पलीकडे आणि वळणाआड होते. गन चढाच्या पलीकडच्या उतारावर ट्रायपॉडवर बसवावी, तिचे तोंड येणाऱ्या गाडीच्या दिशेने ठेवावे आणि डिटेक्टरला ती अजिबात दिसणार नाही अशा अंतरावरून गाडी निघावी. तिथे डिटेक्टरपर्यंत पोहोचतात त्या जमिनीवरून, झाडांवरून, कठड्यांवरून विखुरलेल्या लहरी, आणि त्या इतक्या क्षीण असतात की दोन यंत्रांमधला काही डेसिबलचा फरक शेकडो मीटरांत दिसतो. वळणाच्या मैदानात लोखंडी कठडे असतील तर ते लहर लांबपर्यंत वाहून नेतात आणि परीक्षा सोपी होते. नुसती माती आणि झुडपे असलेले वळण अधिक कडक. गन गाडीकडे तोंड करून न ठेवता बाजूला वळवून ठेवणे किंवा तिचे तोंड पूर्ण उलट दिशेला करणे, हीदेखील मैदान अवघड करण्याची सोपी युक्ती आहे. सर्वांत कमकुवत डिटेक्टर अगदी गनजवळ येईपर्यंत गप्प राहतो आणि सर्वांत चांगला डिटेक्टरही मैदानाच्या सुरुवातीला शांत असतो, अशी मांडणी जमली की मैदान तयार झाले असे समजावे.

डिटेक्टर बसवण्याची जागा प्रत्येक फेरीत तीच हवी. पुढच्या काचेवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून उंची आणि मध्यरेषा पक्की करावी, आणि प्रत्येक यंत्राचे तोंड समतल आहे की नाही हे फुगा असलेल्या साध्या लेव्हलने पाहावे. काचेकडेही लक्ष हवे. उष्णता परतवण्यासाठी धातूचा अतिपातळ थर दिलेली पुढची काच रडार लहरीही परतवते, आणि अशा गाडीत केलेली चाचणी काचेची असते, डिटेक्टरची नाही. तशा काचांमध्ये आरशामागे किंवा काठाला थर नसलेली छोटी खिडकी बहुधा सोडलेली असते; चाचणीसाठी मात्र साध्या काचेचीच गाडी घ्यावी.

एका वेळी गाडीत एकच डिटेक्टर चालू असावा, हा नियम वाचायला सोपा आणि मोडायला त्याहून सोपा आहे. डिटेक्टरच्या आत सिग्नल ओळखण्यासाठी स्वतःचा ऑसिलेटर असतो, आणि त्यातून थोडी लहर बाहेर झिरपते. एकदा मी एका यंत्राला केए बँडवर सतत खोटे वाजतो म्हणून जवळजवळ बाद केले होते. चार फेऱ्या झाल्या, चारही वेळा तो चढ येण्याआधीच ओरडला. पाचव्या फेरीला मागच्या सीटवरची पिशवी हलली आणि तिच्यातून बारीक हिरवा उजेड दिसला: त्याआधी तपासलेला दुसरा डिटेक्टर स्वतःच्या बॅटरीवर आत चालूच होता. तो बंद केल्यावर पुढचा तासभर गाडीत चकार शब्द उमटला नाही. तेव्हापासून चाचणीबाहेरची सगळी यंत्रे गाडीतून काढून, बंद करून, लांब एका पेटीत ठेवतो. डॅशबोर्डवरचा कॅमेरा आणि स्वस्त चार्जरही एकदा बंद करून पाहावेत.

फेऱ्यांचा क्रम अ, ब, क, मग क, ब, अ असा उलटसुलट ठेवावा, म्हणजे दिवसभरात हवा किंवा गन बदलली तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडतो. प्रत्येक यंत्राच्या किमान पाच फेऱ्या घ्याव्यात आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरावा; एखाद्या ट्रकवरून लहर परतून आलेली एकच लांब नोंद सरासरीला भलतीकडे नेते. अंतर मोजण्यासाठी फोनच्या जीपीएसवर विसंबू नये. तो सेकंदाला एकदाच जागा नोंदवत असेल, तर ताशी ४० किलोमीटरला दोन नोंदींमध्ये ११ मीटर निघून गेलेले असतात. रस्त्याच्या कडेला दर २५ मीटरवर खुणेचे कोन मांडावेत आणि डिटेक्टर व बाहेरचा रस्ता एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ घ्यावा. सेकंदाला ३० चौकटी असतील तर त्याच वेगाला एका चौकटीत गाडी अर्ध्या मीटरहूनही कमी सरकते, आणि आवाज नेमका कोणत्या कोनाजवळ उमटला हे नंतर निवांत बसून पाहता येते.

अंतरानंतर प्रतिसादाचा वेळ तपासावा, आणि माझ्या मते दोन चांगल्या डिटेक्टरांत खरा फरक इथेच पडतो. अनेक रडार गन सतत प्रक्षेपण करत नाहीत. गाडी टप्प्यात आली की क्षणभर चालू होतात आणि बंद होतात. डिटेक्टर मात्र एका वेळी एकाच वारंवारतेवर कान लावून संपूर्ण बँड चाळत असतो, आणि लहर आली तेव्हा तो दुसरीकडे असेल तर ती निसटते. गाडी उभी ठेवून, दुसऱ्या माणसाने गनचा ट्रिगर आधी पूर्ण सेकंद, मग अर्धा सेकंद, मग जमेल तितका कमी वेळ दाबावा. प्रत्येक लांबीला २० वेळा दाबून डिटेक्टर किती वेळा वाजला ते मोजावे. हीच कसोटी सर्व फिल्टर, म्हणजे खोटे इशारे गाळणाऱ्या सोयी, चालू ठेवून पुन्हा घ्यावी. बऱ्याच यंत्रांत फिल्टर चालू केले की यंत्र खात्री करून घेण्यासाठी काही क्षण थांबते, आणि तेवढ्यात लहान ट्रिगर संपून गेलेला असतो. माहितीपत्रकातली संवेदनशीलता बहुधा फिल्टर बंद ठेवून मोजलेली असते, रोजच्या वापरात मात्र ते चालूच लागतात.

ते का लागतात हे कोणत्याही शहरात दहा मिनिटे गाडी चालवल्यावर कळते. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे के बँडवर आणि एक्स बँडवर चालतात. शेजारून जाणाऱ्या मोटारींच्या आंधळ्या बाजूवर नजर ठेवणारे सेन्सर अनेकदा २४ गिगाहर्ट्झवर असतात. नव्या मोटारींत हे सेन्सर ७६ ते ८१ गिगाहर्ट्झवर गेले आहेत आणि त्यांचा डिटेक्टरला त्रास नाही, पण जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे रस्त्यावर राहणार. खोट्या इशाऱ्यांची मोजणी बंद मैदानात होऊ शकत नाही. त्यासाठी, कायदा परवानगी देत असेल तिथे, एकच ठरलेला मार्ग आठवडाभर त्याच वेळी चालवावा, प्रत्येक यंत्राला सारखे तास द्यावेत आणि तासाला किती खोटे इशारे आले ते लिहावे. नोंद सोबत्याने करावी, चालकाने नव्हे. जीपीएसवर ठरावीक जागा गप्प करण्याची सोय असलेल्या यंत्राला शिकायला आधी वेळ द्यावा आणि शिकण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे वेगळे ठेवावेत. खोटे इशारे कमी येणे हा गुण खराच. परंतु फिल्टर इतका कडक असेल की दरवाजासोबत खरी गनही गिळून टाकेल, तर काय उपयोग? म्हणून बंद मैदानात २४ गिगाहर्ट्झचा सेन्सर असलेली गाडी शेजारी उभी करून, त्याच वेळी लांबून के बँडची गन चालवून पाहावी. बढाई मारणारी काही यंत्रे इथे गप्प होतात.

लेझरकडे वळताना आधीच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. रडार गनचा झोत साधारण १२ अंश रुंद धरला, तर ३०० मीटरवर तो सुमारे ६३ मीटर पसरलेला असतो. लिडार गनचा, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने वेग मोजणाऱ्या गनचा, झोत साधारण ३ मिलिरेडियन इतका असतो, म्हणजे त्याच अंतरावर सुमारे ९० सेंटिमीटर. नंबर प्लेट आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग एवढेच त्यात मावते. ही गन साधारण ९०४-९०५ नॅनोमीटरचे अदृश्य अवरक्त स्पंद सोडते, ३०० मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला २ मायक्रोसेकंद लागतात, आणि अशा अनेक स्पंदांचे अंतर घटत कसे गेले यावरून अर्ध्या सेकंदाच्या आत वेग पडद्यावर येतो. काचेवरच्या डिटेक्टरमधला लेझर सेन्सर वाजतो तेव्हा बहुतेक वेळा मोजमाप होऊन गेलेले असते. त्यामुळे डिटेक्टरच्या लेझर विभागाला गुण देण्यात फार वेळ घालवू नये. नंबर प्लेटवर नेम धरून १० वेळा मारल्यावर किती वेळा वाजला, एवढे पुरे.

लेझर जॅमर गाडीच्या जाळीत किंवा नंबर प्लेटच्या बाजूला बसतो, येणारे स्पंद ओळखतो आणि स्वतःचे स्पंद सोडून गनला खरे परावर्तन वेगळे काढू देत नाही. त्याची चाचणी घेताना सर्वांत जास्त वेळा चुकणारी गोष्ट म्हणजे जॅमर बंद ठेवून घ्यायची पहिली फेरी. ती घेतलीच जात नाही. ठेंगणी, काळ्या रंगाची, उतरत्या नाकाची गाडी तशीही कमी प्रकाश परतवते आणि तिच्यावर गनला वेग मिळायला जवळ यावे लागते. उलट उभ्या नाकाच्या, चकचकीत दिव्यांच्या गाडीवर तो खूप लांबून मिळतो. नंबर प्लेट तर प्रकाश परतवण्यासाठीच बनवलेली असते. जॅमर बंद असताना गन किती अंतरावर वेग पकडते हा आकडा हाताशी नसेल, तर गाडीच्या आकाराचे श्रेय जॅमरला जाते. म्हणून नंबर प्लेट, डावा दिवा आणि उजवा दिवा अशा तिन्ही जागांवर जॅमर बंद ठेवून आधी मोजावे, मग तीच फेरी जॅमर चालू ठेवून करावी.

इथे गाडी चालती हवी, कारण उभ्या गाडीवर लिडार गनला वेग मोजायला काही नसते. पण ताशी ४० किलोमीटर इथेही पुरते. गन ट्रायपॉडवर असावी आणि तिच्या पडद्यासमोर कॅमेरा असावा. नोंद घ्यायची ती गनच्या पडद्याची: वेग आला, चूक दर्शवणारा संकेत आला, की काहीच आले नाही. गाडीत जॅमर वाजला हा पुरावा नव्हे; तो वाजत असतानाही गनला वेग मिळालेला मी पाहिला आहे. लांबून ट्रिगर दाबून गाडी जवळ येईपर्यंत धरून ठेवला, तर जॅमरला गनची लय ओळखायला भरपूर वेळ मिळतो आणि निकाल गोड दिसतो. म्हणून काही फेऱ्यांत पहिलाच ट्रिगर ३०० मीटरवर, काहींत १५० वर, काहींत ६० वर दाबावा. जवळच्या अंतरावर झोत अरुंद होतो आणि दिव्यावर नेम धरला तर जॅमरच्या डोक्यापर्यंत, म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेल्या त्याच्या सेन्सरपर्यंत, तो पोहोचतच नाही. रुंद गाडीला दोन डोकी पुरत नाहीत ते याच कारणाने.

डोक्यांची दिशा हा निम्मा निकाल असतो. एक अंशाची चूक ३०० मीटरवर पाच मीटरांहून अधिक सरकते. सपाट जमिनीवर गाडी उभी करून, टायरची हवा नेहमीची ठेवून, रोजचे माणसांचे वजन आत बसवून डोकी समतल करावीत, आणि चाचणीनंतर पुन्हा तपासावीत, कारण बंपरचे प्लास्टिक उन्हात थोडे वाकते. चिखलाचा पातळ थर चढवून एक फेरी घेणेही रास्त आहे. पावसाळ्यात डोकी तशीच असणार.

एका गनसमोर जॅमर टिकला म्हणून तो टिकतो असे लिहू नये. जुन्या गन ठरावीक लयीत स्पंद सोडतात आणि त्यांना गोंधळवणे सोपे असते. नव्या काही गन स्पंदांमधला वेळ सतत बदलतात आणि परतलेल्या प्रकाशात परका प्रकाश मिसळला आहे हे ओळखून गन चालवणाऱ्याला सांगतात. त्यामुळे प्रत्येक निकालासमोर गनचा प्रकार, नेम धरलेली जागा, पहिल्या ट्रिगरचे अंतर, उन्हाची वेळ आणि जॅमरमधल्या फर्मवेअरची (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, एवढे लिहिलेले हवे. यांपैकी काही वगळले तर वाचणाऱ्याला तो आकडा कशाशी ताडून पाहावा हेच कळत नाही.

डिटेक्टरच्या तक्त्यातही फर्मवेअरचा रकाना ठेवावा. अद्ययावत केल्यावर चाळण्याचा वेग, फिल्टरचा कडकपणा आणि कधी कधी संवेदनशीलताही बदलते. असे झाले की चढाची फेरी आणि लहान ट्रिगरची कसोटी नव्याने घ्यावी, आणि जुन्या आकड्यांवर आवृत्ती लिहून रेघ मारावी.